शेपटीखालचं तांबडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त धाकट्या नातवाचं. परवा सासवडजवळच्या माळावर फिरत होतो, तर समोरच्या दगडावर चिमणीएवढा काळा पक्षी येऊन बसला. नातवाने मोबाइल काढला, फोटो घेतला, "आजोबा, इंडियन रॉबिन!" म्हणाला आणि चालू लागला. पक्षी अजून दगडावरच होता!

नाव बरोबर होतं. आपला चीरक. पण कशावरून, असं विचारल्यावर चिरंजीव गप्प.

म्हाताऱ्याची कुरकूर म्हणाल. असेलही. पण चाळीसेक वर्षांपूर्वी मोबाइल नसताना मीही हेच केलंय. सातवीच्या सहलीत असाच पक्षी दिसला आणि मी मास्तरकीच्या जोरावर 'दयाळ' सांगून मोकळा झालो. एक धनगराचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, ह्याचं पोट काळं हाय, अन् शेपटीखाली तांबडं." मी त्याला दटावून बसवलं. पुढे सालिम अलींचं पुस्तक हाती आलं. दयाळाचं पोट पांढरं, आणि तांबडं चीरकाला! तोवर तो पोरगा शाळा सोडून मेंढरांमागे गेला होता. त्याला 'तुझं बरोबर होतं' हे सांगायचं राहिलंच.

म्हणून माझं म्हणणं, नाव शेवटी विचारावं. आधी पक्षी काय करतोय ते बघावं. चीरक जमिनीवर तुरुतुरु पळतो, शेपटी पाठीवर उभी करतो. तीच खालची तांबूस खूण दाखवते. कवड्या गप्पीदासही काळा, पंखावर पांढरा पट्टा, पण त्याच्या कमरेवर आणि बुडाशी पांढरं असतं. तो झुडपाच्या शेंड्यावर बसून खाली किडा दिसला की झेप घेतो आणि परत जागेवर! माद्यांनी मात्र माझी फजिती अनेकदा केलीय. दोघी मातकट. गप्पीदासाच्या मादीला तांबूस शेपटीच्या वर, कमरेवर; चीरकाच्या मादीला खाली. हिवाळ्यात नारिंगी छातीचा पाहुणा गप्पीदास येतो, त्याचं पुन्हा कधीतरी.

रविवारी मोबाइल माझ्या खिशात ठेवून नातवाला परत नेलं. एक मातकट पाखरू दिसलं. दहा मिनिटं दोघे उकिडवे बसलो. तो म्हणे तांबूस वर आहे, मी म्हणे खाली. तेवढ्यात ते बाभळीत शिरलं.

वाद अजून चालू आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.