मासे सोडवायचे की नदी सांभाळायची?



पर्युषण जवळ आले की आपल्या महिला मंडळांत एक विषय निघतोच. यंदा जीवदयेसाठी काय करायचे? कुणी गोशाळेला चारा सुचवते, कुणी पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी. आणि कुणीतरी म्हणतेच, "बाजारातून जिवंत मासे विकत घेऊ आणि नदीत सोडू. तेवढेच जीव वाचतील." सगळ्यांच्या माना डोलतात, कारण यात डोळ्यांना दिसणारे पुण्य आहे. टोपल्यातला तडफडणारा जीव पाण्यात पडतो, शेपटी हलवतो आणि दिसेनासा होतो. बघणाऱ्याचे मन भरून येते.

तरीही मी स्पष्टच लिहिते. ही पद्धत आपण थांबवावी. भावना चांगली आहे याबद्दल शंका नाही, पण अहिंसा ही नुसत्या भावनेवर चालत नाही. तिला विवेक लागतो, यत्न लागतो. जयणा हा शब्द आपण उठता बसता वापरतो तो उगीच नाही.

आधी साधी गोष्ट बघू. बाजारातल्या टबात, ओंजळभर पाण्यात, तासन् तास जिवंत राहतो तो मासा कोणता? रोहू, कटला, मृगळ हे मासे पाण्याबाहेर काढल्यावर फार वेळ तग धरत नाहीत. ते बाजारात येतात ते बहुधा मेलेलेच. जिवंत दिसतात ते हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे, म्हणजे मरळ आणि मांगूर. आणि मांगूर म्हणून जो विकला जातो तो पुष्कळदा आपला देशी मांगूर नसतो, आफ्रिकी मांगूर असतो. व्यापारात त्याला थाई मांगूर म्हणतात. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जातो, कारण घाण पाण्यातही जगतो आणि भराभर वाढतो. दिसायला दोन्ही मांगूर इतके सारखे की आपल्यासारख्या मासे न ओळखणाऱ्या बायकांना फरक कळणे अवघडच.

हा मासा खादाड आहे. लहान मासे, त्यांची अंडी, बेडूक, किडे, सापडेल ते खातो. आपण दहा मांगूर गोदावरीत सोडले तर दहा जीव वाचवले असे वहीत लिहू. पण त्या दहांनी पुढे किती जीव खाल्ले, त्यांची पिल्ले किती झाली, त्यांनी नदीतल्या जुन्या जातींची जागा किती बळकावली, ते कोण लिहिणार? चिलापीचे उदाहरण समोर आहेच. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी धरणांत ती घुसली आहे आणि काढता निघत नाही. पाण्यात सोडलेली चूक परत गाळून घेता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच शास्त्रातली. हिंसा तीन प्रकारे घडते, हे पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. आपण पर्युषणात जिवंत मासे मागतो हे विक्रेत्याला कळले की तो आदल्या दिवशी जास्त मासे धरून आणतो. मग ते मासे पकडले कुणासाठी? आपल्यासाठीच. त्यातले जे वाटेत मेले त्यांचा हिशोब कुणाच्या खात्यावर? कृत नाही म्हणून आपण सुटतो, पण कारिताचे काय?

माझे माहेर नांदेडचे, सासर लातूरचे. एक गाव गोदावरीचे, दुसरे मांजरेचे. आणि दोन्हीकडे मला दिसते ते असे की मासा मरतो तो काही फक्त जाळ्याने मरत नाही.

नांदेडला विष्णुपुरीचे पाणी शहर पिते आणि शहराचे नाले पुढे त्याच गोदावरीत मिळतात. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते, नगीना घाट, गोवर्धन घाट या भागात पाणी साचून राहते. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो. त्यात पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागतात आणि सकाळी काठावर पांढरा थर दिसतो. नदीत मासे मेल्याच्या अशा बातम्या अधूनमधून आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. एका पहाटेत जेवढे जीव जातात तेवढे आपले मंडळ शंभर पर्युषणांतही सोडवू शकणार नाही. आणि त्या नाल्यात माझ्या न्हाणीघराचे, माझ्या स्वयंपाकघराचे पाणी आहे. मासे न खाणाऱ्या घराचेही आहे.

लातूरची गोष्ट तर सगळ्या देशाने पाहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. माणसांसाठी रेल्वे आली, ते योग्यच झाले. पण धनेगावला धरणाचा तळ उघडा पडला तेव्हा त्यात राहणाऱ्या जीवांसाठी कुठली रेल्वे येणार होती? मासे, खेकडे, शिंपले, बेडूक, कासवे, पाण्यावर जगणारे पक्षी, सगळ्यांचे घरच गेले. पाऊस कमी झाला हे खरेच. पण दुष्काळी पट्ट्यात उसाखाली किती जमीन ठेवायची, बोअर किती खोल न्यायचे, हे पावसाने ठरवले नव्हते. ते आपण ठरवले होते. त्या आपण मध्ये शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, कारखान्याचे सभासद आहेत. आपल्या समाजातली घरेही आहेत.

श्रावकाने जे धंदे टाळायचे त्या पंधरा कर्मादानांची यादी कधी नीट ऐकली आहे का? त्यात जंगल जाळणे आहे, विषाचा व्यापार आहे, आणि तळी, डोह, सरोवरे आटवणे हेही आहे. जाळे टाकणे पाप आहे हे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. तळे आटवणे हेही त्याच वहीत लिहिलेले आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. कारण जाळे आपल्या घरात नसते, मोटार असते.

आपली आजी पाणी गाळायची. दुहेरी जाड कापडातून गाळायची आणि गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, कारण एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात टिकत नाहीत. या एका रीतीत सगळे आले. जीव वाचवायचा तर त्याचे पाणी वाचवायला हवे, आणि ज्याचे घर जिथे त्याला तिथेच राहू द्यायला हवे. कुठल्या तरी शेततळ्यात वाढलेला मासा दुसऱ्याच नदीत ओतणे आजीला मुळीच पटले नसते.

मग करायचे काय? इथे मला मृगसेन धीवराची कथा आठवते. आपल्या कथाग्रंथांतली ही जुनी कथा. आचार्य ज्ञानसागर महाराजांनी तिच्यावर 'दयोदय चंपू' हे संस्कृत काव्य रचले. मृगसेन कोळी होता. मुनींनी त्याला मासेमारी आजच सोड असे म्हटले नाही. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून देण्याचे व्रत घे, एवढेच सांगितले. त्याने पहिला मासा खुणेची चिंधी बांधून सोडला. दिवसभर तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात आला आणि त्याने तो पाचही वेळा सोडला. रिकाम्या हाताने घरी गेला तर बायकोने दार लावून घेतले. बाहेर झोपला असताना साप चावून मेला. पुढच्या जन्मी पाच वेळा त्याच्या जिवावर बेतले आणि पाचही वेळा तो वाचला.

कथेचे फळ आपण सांगतो, पण मुनींची रीत विसरतो. त्यांनी कोळ्याला शिव्या दिल्या नाहीत, त्याचे मासे विकतही घेतले नाहीत. त्याला झेपेल तेवढे मागितले आणि ते पाळायला लावले.

आज आपल्या भागातला पहिला मासा कोणता? माझ्या मते पावसाळ्यातला. मृगाच्या, आर्द्राच्या पावसाने नदी नाले वाहू लागले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. ओढ्यात उथळ पाण्यात येतात म्हणून काठीनेही मारता येतात आणि लोक पोतीच्या पोती भरतात. एक मादी मारली की तिच्याबरोबर हजारो अंडी जातात. समुद्रात यासाठी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात. श्रावणात मासे न खाण्याची रीत आपल्या कितीतरी शेजारणींच्या घरी आहे. आपले साधू तर चातुर्मासात विहार थांबवतात, पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून. सगळ्यांच्या रीतीत पावसाळा हा जीवांचा काळ आहे. मग आपल्या नदीचा एखादा डोह, एखाद्या तलावाला मिळणारा ओढा, एवढा तरी त्या दोन महिन्यांत जाळ्यावाचून राहू नये का?

आपल्याकडचे तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने घेतात. भोई समाजाची कितीतरी घरे त्यावर चालतात. ती माणसे हातावर पोट असलेली आहेत. दोन महिने थांबा हे त्यांना फुकट सांगणे सोपे आहे, कारण चूल त्यांची बंद राहणार आहे. म्हणून माझे म्हणणे असे की पर्युषणात मासे विकत घेण्याला जो पैसा लागतो, बोलीतून जीवदयेसाठी जो निघतो, तो अशा एका संस्थेशी बोलून एका डोहाच्या विश्रांतीसाठी द्यावा. त्या महिन्यांत त्यांच्या घरी धान्य, मुलांच्या वह्या, शाळेची फी. बदल्यात तो डोह बंद. कुणी सुरुंग लावला, विष टाकले तर तीच माणसे आधी ओरडतील. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून या दोन्हींना मनाई आहे, पण काठावर डोळे असल्याशिवाय कायदा पाण्यात उतरत नाही.

यावर एक ताई नक्की विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. "दोन महिन्यांनी ते मासे धरणारच ना? मग आपण पैसे देऊन मासेमारीलाच हातभार लावला असे नाही का होत?" मला तसे वाटत नाही. मुनींनीही मृगसेनाला दुसरा मासा मारायची परवानगी दिली नव्हती, फक्त पहिल्याचे अभय मागितले होते. आपण मासे वाढवायला पैसे देणार नाही, जाळ्याला देणार नाही. न मारण्याच्या दिवसांना देणार. सरकारी हिशोबात मासा टनात मोजतात, उद्या जास्त धरता यावा म्हणून आज वाचवतात. आपला हिशोब तो नाही. आपल्यासाठी मासा पंचेंद्रिय जीव आहे, एकेक. हेतू वेगळे असले तरी दोन पावले बरोबर चालता येतात, तेवढी चालावीत.

आणि हे काही स्वप्न नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान् पिढ्या राखले आहेत. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत महादेवाच्या मंदिरापाशी तसेच. ती माणसे जैन नाहीत, त्यातली कितीतरी एरवी मासे खाणारी आहेत. तरी त्या डोहात कुणी हात घालत नाही. श्रद्धेने एक डोह राखता येतो हे त्यांनी आपल्याआधी करून दाखवले. गोदावरीला, मांजरेला, मन्याडला असा एकेक डोह आपण राखून दाखवू या.

बाकीचे काम घरातले आहे आणि ते आजपासून होते. उरलेले तेल मोरीत ओतायचे नाही. निर्माल्य नदीत नाही, झाडाच्या मुळाशी. माशांना पीठ घालायचे पुण्य साचलेल्या पाण्यात नको, न खाल्लेला गोळा कुजून प्राणवायूच खातो. धुण्याची पावडर मुठीने नाही, चमच्याने. ज्यांची शेती आहे त्यांनी ठिबकाचा आणि एक एकर ऊस कमी करण्याचा विचार घरात बोलून दाखवावा. ज्यांची गिरणी, कारखाना आहे त्यांनी सांडपाणी कुठे जाते ते स्वतः जाऊन बघावे.

यंदाच्या बैठकीत मी डोहाचा विषय मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या मंडळात मांडा. कुणाच्या गावाजवळ अशी संस्था असेल, बोलणे झाले असेल, तर मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.