कांस्यपात्राचा नाद आणि प्राचीनतेचा आभास

हिमालयीन कांस्यपात्राच्या काठावरून लाकडी दांडी एकसारख्या दाबाने, सावकाश फिरविली की घर्षणाने पात्र कंप पावते. दोन निकटच्या कंपनसंख्यांच्या मिश्रणातून नादाला हेलकावे येतात. दांडी थांबवावी आणि विरत जाणाऱ्या त्या नादामागोमाग चित्त न्यावे, म्हणजे ते स्थिरावते. हा अनुभव नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याला ‘प्राचीन तिबेटी साधना’ म्हणणे अभ्यासकाला शोभत नाही. १९७२ मधील ‘तिबेटन बेल्स’ या पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकेनंतर ही समजूत विशेष पसरली. तिबेटी मठांतील विधींत घंटा, झांजा, लांब कर्णे यांचे स्थान सुस्पष्ट आहे. या पात्रांचे तसे नाही. नादाला उसन्या प्राचीनतेची गरज नाही. ती चिकटविल्याने भिक्षूंची खरी वाद्येच झाकोळून जातात.