पिकल्या केसांवर हुकूम कुणाचा?

साठी उलटलेल्या स्त्रीला लांब केस शोभतात का, हा प्रश्न हल्ली आमच्या कुटुंबांतून मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. लग्नघरी, ख्रिस्तयागानंतर चर्चच्या आवारात, आजाऱ्याच्या खाटेपाशी तो आमच्या कानी पडतो. पक्ष दोन आहेत. एक म्हणतो, पांढऱ्या केसांची लांब वेणी या वयात बरी दिसत नाही. केस कापून सुटसुटीत व्हावे. दुसरा म्हणतो, केस हे स्त्रीचे भूषण. ते कापणे म्हणजे रीत मोडणे. जिच्या मस्तकावरून हा वाद चालतो, तिला मात्र सहसा कुणी विचारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, केस लांब असावेत की आखूड, हे जिचे केस तिनेच ठरवावे.

धर्मगुरूने या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. पडावे अशासाठी की, या वादात पवित्र शास्त्राला साक्षीस ओढले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पॉल लांब केसांना स्त्रीचे वैभव मानतो, हे खरे. परंतु तो तेथे करिंथच्या प्रार्थनासभेतील शिस्तीविषयी बोलत आहे आणि शेवटी मंडळ्यांच्या प्रघाताचाच हवाला देतो. वृद्धत्वाचा तर तेथे उल्लेखही नाही. शिवाय अक्षरास अक्षर धरून चालायचे ठरविले, तर तिमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि संत पीटरच्या पहिल्या पत्रात केस गुंफण्याविषयी व सोन्याच्या दागिन्यांविषयीही नापसंती आहे. सणाच्या दिवशी अंबाड्यावर फुले माळून आणि गळ्यात सोने लेवून येणाऱ्या भगिनीला आजवर कुणी चर्चच्या दारातून परत पाठविले आहे काय? सोयीचे तेवढे वचन उचलावे आणि गैरसोयीचे झाकून ठेवावे, ही शास्त्रनिष्ठा नव्हे.

ख्रिस्तसभेने याबाबत आपली भूमिका केव्हाच स्पष्ट केली आहे. १९१७च्या धर्मविधिसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये मस्तक झाकावे असा नियम होता. संत पॉलच्या याच अध्यायातील मस्तक झाकण्याची अट ही त्या काळाची रूढी असून ती आता बंधनकारक नाही, असे रोमने १९७६ साली एका जाहीरनाम्यात सांगितले. आणि १९८३च्या नव्या संहितेत तो नियमच उरला नाही. केसांच्या लांबीविषयी तर त्या जुन्या संहितेतही कोणतीच आज्ञा नव्हती. १२१२ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने क्लाराचे केस स्वतः कापले. आखूड केस हे अधर्माचे चिन्ह असते, तर त्या कापलेल्या केसांपासून एका थोर संन्यस्त संघाचा आरंभ झाला नसता. पण येथेही एक गोष्ट विसरता कामा नये : क्लारा आपल्या इच्छेने तेथे आली होती.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष शास्त्राचा आधार घेत नाही; तो ‘वयाला शोभेल असे’ या शब्दांचा आधार घेतो. साठीचा पुरुष केसांना कलप लावून लग्नात मिरवतो, तेव्हा हे शोभण्याचे माप कुठे जाते? उतारवयात केसांत बदल होतो, हे निसर्गाचेच काम आहे. पाळी गेल्यानंतर केस वाढण्याचा काळ आखडतो, केस बारीक व विरळ होतात. कुणाचा खांदा धरतो, वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचत नाही. अशा स्त्रीने केस कापले, तर तिला नावे ठेवणारा निष्ठुर होय. आणि विरळ का होईना, आपली वेणी जिला जपावीशी वाटते, तिला हसणाराही तितकाच निष्ठुर होय.

परंतु आमचे खरे दुःख निराळेच आहे. आजारी व वृद्ध भगिनींना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीचे केस एके दिवशी कानापर्यंत भादरलेले दिसतात. विचारले तर उत्तर मिळते : गुंता होत होता, उवा झाल्या होत्या, कोण विंचरणार? सेवा करणाऱ्या सुनेचे व मुलीचे कष्ट आम्ही जाणतो. त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि बहुधा तो अन्यायही आहे. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतची वेणी पुन्हा यायला धडधाकट माणसालाही पाच-सहा वर्षे लागतात. ऐंशीच्या आजीला ती या जन्मी परत मिळायची नाही. तेव्हा कात्री हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो? परिचारिका अशा रुग्णाच्या केसांच्या दोन बाजूंना दोन सैल वेण्या घालतात. उशीवर डोके सपाट टेकते आणि गुंताही कमी होतो. उवांवर औषध आहे. इतके करूनही कापणे भागच पडले, तर तिला सांगून, तिच्या होकाराने, खांद्यापर्यंत कापता येतात. ती बोलू शकत नसेल, तर पूर्वी ती काय म्हणत असे, हे आठवावे.

महाराष्ट्राने याहून भयंकर काही पाहिले आहे. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन हा येथे एकेकाळी धर्म मानला जाई. १८९०च्या सुमारास मुंबईतील नाभिक बांधवांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने या कामास नकार दिला. केशवपन आणि आजाऱ्याचे केस कापणे यांची तुलना आम्ही करीत नाही. एकात शिक्षा होती, दुसऱ्यात सोय आहे. मात्र स्त्रीच्या मस्तकाविषयी इतरांनी परस्पर ठरवायचे, ही सवय दोहोंत एकच आहे, आणि तीच मोडली पाहिजे.

संत लूकच्या शुभवर्तमानात एका स्त्रीने प्रभूचे चरण आसवांनी भिजवून आपल्या केसांनी पुसले. यजमान शिमोनाच्या मनात तिच्याविषयी तिरस्कार होता. प्रभूने मात्र तिचे प्रेम पाहिले. त्या केसांची लांबी शुभवर्तमानकाराने नोंदलेली नाही, तिचे वयही नाही. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्यास सांगते. तो मान केवळ औषधपाण्याने आणि अंत्यविधीच्या थाटाने पुरा होत नाही. आई अंथरुणावर असो वा पायांवर, तिच्या केसांना हात लावण्यापूर्वी तिला विचारणे, हाही त्या आज्ञेचाच भाग आहे.