लोंबकळणारी केबल

आमच्या एका जुन्या ऑफिसातली गोष्ट. मीटिंग रूममध्ये एक केबल नेहमी लोंबकळत असायची. शिपाई मामांनी आवराआवर करताना तिचं मोकळं टोक भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये नीट खोचून ठेवलं. दोन्ही टोकं एकाच स्विचला! मिनिटाभरात अख्ख्या मजल्याचं नेटवर्क आडवं. सगळे मामांवर तुटून पडले. मी गप्प बसलो.

खरं तर दोष माझा होता. आयपी पॅकेटला असतो तसा 'टीटीएल' इथरनेटच्या फ्रेमला नसतो. लूप झाला की ब्रॉडकास्ट गरगर फिरतच राहतो. यावर उपाय म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री शोधून काढला. पण जुन्या पद्धतीत पीसी जोडल्यावर पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद लागतात, लोक कुरकुरतात, म्हणून मीच तो बंद करून टाकला होता. खरा उपाय दोन ओळींचा होता: पीसीच्या पोर्टवर पोर्टफास्ट आणि जोडीला बीपीडीयू गार्ड. मग लूप होताच फक्त तेवढे पोर्ट बंद पडले असते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. रिकामा पोर्ट शटडाउन, चालू पोर्टला डिस्क्रिप्शन, पीसीच्या पोर्टला गार्ड. यात कुणावर अविश्वास नाही. माणसं चांगल्या मनानंही चुका करणारच. त्या एका पोर्टपुरत्या राहतील हे पाहणं आपलं काम.

मामांची माफी मागायची मात्र राहूनच गेली.