माळव्याची रात्र आणि घरची मंडळी

दिवाळी आटोपली, पाहुण्यांची वर्दळ ओसरली आणि मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली कीं आपल्या बहुतेक घरांत एक विषय हटकून निघतो: दोन-तीन दिवस कोठें तरी जाऊन यावें. विषय निघतो आणि तितक्याच लवकर विरतो. वडील मंडळींस देवदर्शन हवें असतें, तरुणांस बाजार व करमणूक हवी असते, मुलांस खाऊ हवा असतो. आणि घरच्या गृहिणींस काय हवें आहे, हें बहुधा कोणी विचारीतच नाहीं. या महिन्याच्या सदरांत आम्ही याच प्रश्नाचा थोडा विचार करणार आहों. आणि तो हवेंत न करितां एक गांव डोळ्यांपुढें ठेवून करणार आहों. तें गांव म्हणजे इंदूर.

प्रथम आमचीच चूक कबूल करितों. तीन वर्षांपूर्वीं आमच्या घरचीं नऊ माणसें अशाच एका सहलीस निघालीं होतीं. तीन दिवसांत पांच ठिकाणें पाहावयाचा बेत आम्हीं मोठ्या हौसेनें कागदावर आंखला. खर्च आटोक्यांत राहावा म्हणून स्वयंपाकाची सोय असलेला बंगला भाड्यानें घेतला. परिणाम असा झाला कीं पुरुषमंडळींनीं व मुलांनीं पांच ठिकाणें पाहिलीं, आणि आमच्या दोघी वहिनींनीं व सूनबाईंनीं तीन दिवस त्या बंगल्याची शेगडी पाहिली. परत आल्यावर थोरल्या वहिनी एवढेंच म्हणाल्या, “घरच्या स्वयंपाकघरांत निदान डबे कोठें आहेत हें तरी ठाऊक असतें.” त्या रागावल्या असत्या तर एक वेळ बरें झालें असतें, पण त्या हंसून बोलल्या, म्हणून तें वाक्य अधिक लागलें.

त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला आहे. ज्या सहलींत घरच्या बायकांची चूल सुटत नाहीं ती सहल नव्हे. तें केवळ बिऱ्हाड बदलणें होय. म्हणून थोड्या दिवसांची विश्रांति घ्यावयाची असेल तर जेथें बाहेर खाणें हाच मुख्य आनंद आहे, आणि जेथें वडील माणसांसही निःशंकपणें खातां येईल, असें शहर निवडावें.

इंदूर या कसोटीस चांगलें उतरतें. शिवाय तेथें मराठी माणसास परकें वाटत नाहीं. होळकरांची ही राजधानी; १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळां मराठी साहित्य संमेलन येथें भरलें; लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ सालीं याच शहरांत झाला. समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटर उंचीवर असलेल्या या पठारावर दिवस तापला तरी रात्र निवते. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी जी जुनी ख्याति आहे, ती उगीच नव्हे. शहराच्या स्वच्छतेविषयीं सांगावयाचें तर केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणांत २०१७ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ सात वर्षें इंदुरानें पहिला क्रमांक राखिला. रस्त्यावर खाण्यास कचरणाऱ्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट धीर देणारी आहे.

आतां बेत आंखण्याची रीत. प्रथम काय पाहावयाचें तें ठरवूं नये. काय सोडावयाचें तें ठरवावें. इंदूर म्हटलें कीं उज्जैन पंचावन्न किलोमीटरांवर, महेश्वर नव्वद किलोमीटरांवर, मांडू शंभराच्या आंत. शिवाय ओंकारेश्वर आहेच. “एवढे जवळ जाऊन महाकाळाचें दर्शन घ्यावयाचें नाहीं?” असा प्रश्न घरांत येणारच, आमच्याही घरीं आला. आमचें उत्तर असें कीं देवदर्शनास जावयाचें तर त्यासाठींच जावें, धांवतां पळतां उरकूं नये. तें शक्य नसेल तर एक दिवस वाढवून तो उज्जैनीस द्यावा. पण तीन दिवसांत चार गांवें बसवूं नयेत. तसें केल्यानें ना यात्रेचें पुण्य, ना विश्रांतीचें सुख.

मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळीं निघून दुसऱ्या दिवशीं सकाळीं इंदुरास पोंचते. आरक्षण आतां साठ दिवस आधीं उघडतें. नऊ-दहा माणसें असतील तर त्याच दिवशीं करून टाकावें आणि वडील मंडळींसाठीं खालच्या शय्या मागून घ्याव्या. गुरुवारीं निघणें उत्तम. शुक्रवारीं रात्रीं बाजारांत शनिवार-रविवारइतकी दाटी नसते. शनिवार खरेदीस मिळतो, आणि सोमवारीं सरकारी संग्रहालयें बहुधा बंद असतात, ती अडचणही टळते. उतरण्याची जागा राजवाड्यापासून फार दूर घेऊं नये. रात्रीं थकलेल्या माणसांस लांबचा रस्ता नकोसा होतो.

शुक्रवारीं सकाळीं स्नान करून पोहे खावे. आपले कांदेपोहे आणि इंदुरी पोहे यांत फरक आहे. तेथें पोह्यांचें पातेलें उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवितात, त्यामुळें ते तासन्‌तास मऊ व गरम राहतात; त्यांत बडीशेप असते, आणि वरून शेव, कच्चा कांदा व जीरावन नांवाचा आंबटतिखट मसाला भुरभुरितात. सोबत जिलबी. गोड आणि तिखट एकाच पानांत सकाळीं आठ वाजतां, हें प्रथम चमत्कारिक वाटतें. दुसऱ्या दिवशीं त्यावांचून करमत नाहीं. दुपारीं सर्वांनीं झोपावें. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण रात्रीचा सारा आनंद तीवर अवलंबून आहे.

चार वाजतां राजवाडा पाहावा. सात मजल्यांचा हा वाडा, खालचे तीन मजले दगडी व वरचे लांकडी. त्यास आगी लागल्या त्यांतली शेवटची मोठी आग १९८४ सालची. पुढें तो पुन्हां उभारण्यांत आला. तेथून जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. मुलांस येथें अहिल्याबाईंची गोष्ट सांगावी: चौंडीसारख्या लहान गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या या बाईनें १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य कसें चालविलें, आणि काशीपासून सोमनाथापर्यंत देवळें व घाट कसे बांधिले. वाड्याच्या सावलींत सांगितलेली गोष्ट पुस्तकांतल्यापेक्षां अधिक ध्यानांत राहते.

यानंतर रात्र. ‘रात्रींची करमणूक’ हे शब्द ऐकतांच कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात, आणि मोठ्या शहरांतील कांहीं प्रकार पाहिले म्हणजे त्या अगदींच अकारण आहेत असेंही नाहीं. पण इंदुरची रात्र निराळी. राजवाड्याच्या शेजारीं सराफा आहे. दिवसा तेथें सोन्याचांदीचीं दुकानें चालतात. रात्रीं नऊच्या सुमारास सराफ आपलीं दारें लावितात, आणि त्याच ओट्यांवर व त्याच गल्लींत खाद्यपदार्थांचा बाजार मांडला जातो, तो मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. रात्रभर वर्दळ राहिल्यानें दुकानांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनींच ही चाल पडूं दिली, असें सांगतात. पदार्थ सारे शाकाहारी. आणि गर्दी घरंदाज माणसांची, कडेवर मुलें घेतलेल्या बायकांची.

आमच्या घरीं मात्र यावर वाद झाला. धाकट्या काकांनीं स्पष्ट विचारलें, “रात्रीं अकरा वाजतां घरच्या लेकीसुनांना रस्त्यावर उभें राहून खायला न्यायचें? पुरुषांनीं जावें आणि बांधून आणावें.” खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत तसेंच कांहींसें होतें; आम्ही गप्प राहिलों. तेव्हां आमच्या आत्याबाई बोलल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. आमचे आजोबा इंदुरांत शिक्षक होते. आत्याबाईंचें बालपण तेथेंच गेलें. त्या म्हणाल्या, “माझे वडीलही हेंच म्हणत. ते आणि माझे भाऊ सराफ्यांत जात, आणि येतांना पानाच्या पुड्यांत बांधून आणीत. लग्न होईपर्यंत मी सराफा पुड्यांतूनच पाहिला. तूं म्हणशील तर अजूनही पुड्यांतूनच पाहीन.” काका कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनींच आत्याबाईंसाठीं घडीची खुर्ची कोठें मिळेल याची चौकशी सुरू केली.

सराफ्यांत जातांना चार गोष्टी पाळाव्या. रात्रीचें जेवण करूं नये. वृद्ध माणसें बरोबर असतील तर बाजार भरतांच, नऊ-साडेनऊलाच जावें. पुढें दाटी वाढते. प्रत्येकानें स्वतंत्र बशी न घेतां चौघांत एक घ्यावी, म्हणजे आठ पदार्थांची चव घेतां येते व पोटही शाबूत राहतें. डोळ्यांदेखत कढईतून निघतें तें खावें, आणि पिण्याचें पाणी आपलें न्यावें. पदार्थांत मुख्य म्हणजे भुट्ट्याचा कीस: कोंवळें मक्याचें कणीस किसून, तूपमोहरीच्या फोडणींत दूध घालून शिजवितात, वर खोबरें, कोथिंबीर व लिंबू. हिवाळ्यांत गराडू मिळतो. हा एक कंद आहे, तो तळून जीरावन व लिंबू लावून देतात. उपासाच्या मंडळींस साबुदाण्याची खिचडी आहे. शेवटीं मालपुवा, रबडी किंवा पावशेराएवढा एकच जलेबा, आणि शिकंजी. शिकंजी म्हणजे लिंबाचें सरबत असें समजूं नये. येथील शिकंजी आटीव दुधाची व सुक्या मेव्याची असते.

शनिवारीं उशिरां उठावें. हा दिवस खरेदीचा. राजवाड्याभोंवतींच कापडबाजार आहे. माहेश्वरी लुगडें घ्यावयाचें असेल तर एवढें पाहावें: खऱ्या माहेश्वरीचा कांठ दोन्ही बाजूंनीं नेसतां येईल असा सारखा असतो, आणि जुन्या पद्धतीच्या पदरावर पांच पट्टे असतात. हातमागाचें कापड असेल तर हातमागाची सरकारी खूण मागावी. भावाची घासाघीस ज्यांस जमत नाहीं त्यांनीं राज्य सरकारच्या मृगनयनी भांडारांत जावें; तेथें माहेश्वरी, चंदेरी व बागेच्या ठशांचें कापड ठराविक किमतींत मिळतें. दुपारीं दाल-बाफले जेवावे. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधीं पाण्यांत उकडून मग भाजलेला व तुपांत बुडविलेला; त्यानंतर पुन्हां झोप ही आलीच. संध्याकाळीं तरुण मंडळींनीं छप्पन दुकानांकडे फेरी मारावी. तेथें नव्या तऱ्हेचे पदार्थ फार, आणि कांहीं दुकानीं मांसाहारही असतो, हें वडील माणसांस आधीं सांगून ठेवावें. रविवारीं सकाळीं खजराण्याच्या गणपतीचें दर्शन घ्यावें, घरीं नेण्यास शेव व जीरावन बांधून घ्यावें, आणि घाई न करितां गाडी गांठावी.

खर्चाविषयीं एक सूचना. प्रवास, राहणें व खाणें हें सारें सामाइक पैशांतून करावें, आणि त्याचा हिशेब एकानेंच ठेवावा. परंतु निघण्यापूर्वीं घरच्या प्रत्येक बाईच्या हातीं, मग ती सासू असो कीं सर्वांत धाकटी सून, सारखीच रक्कम द्यावी, आणि तिचा हिशेब मागूं नये. रक्कम लहान असली तरी चालेल. आमच्या सूनबाईंनीं त्या पैशांत लुगडें घेतलें नाहीं. एक पितळी अडकित्ता घेतला. कां, तें आम्हीं विचारलें नाहीं. आणि न विचारल्याचें समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें.

शुक्रवारच्या त्या रात्रीं एका मिटलेल्या सराफी दुकानाच्या ओट्याशीं खुर्ची टाकून आत्याबाईंस बसविलें होतें. धाकट्या काकांनीं स्वतः गर्दींतून भुट्ट्याच्या किसाची बशी आणून त्यांच्या हातीं दिली. आत्याबाईंनीं एक चमचा तोंडांत घातला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “हा गरम असतांना असा लागतो होय! आमच्यापर्यंत यायचा तेव्हां गार झालेला असायचा.” मग त्यांनीं थोरल्या वहिनींस हांक मारली, शेजारीं बसावयास सांगितलें, आणि तीच बशी त्यांच्यापुढें केली.

आमच्या वाचकांच्या घरीं या हिवाळ्यांत सहलीचा बेत निघाला तर गांव कोणतेंही असो. पण घरांत कोणाच्या वांट्यास आजवर पुडाच आला आहे, एवढें मात्र बेत आंखण्यापूर्वीं एकदां विचारून पाहावें.