निवडुंगाच्या बोंडाचा पाक

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या दक्षिणेस आणि मेक्सिकोच्या उत्तरेस सोनोराचे वाळवंट पसरले आहे. तेथील टूसॉन शहरात वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही थोडा हिवाळ्यात, थोडा जुलै-ऑगस्टमध्ये. अशा भूमीवर तोहोनो ओओधम हे मूळनिवासी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. त्यांच्या नावाचा अर्थच ‘वाळवंटातील लोक’ असा आहे.

उन्हाळा सरता सरता तेथील फड्या निवडुंगाची बोंडे गर्द जांभळी होतात. आपल्याकडे माळावर गुरे राखणाऱ्या मुलांना हे बोंड ठाऊक असते. मात्र या झाडाचे मूळ घर अमेरिका खंडच. मोठा काटा डोळ्यांना दिसतो, त्याच्यापासून जपता येते. खरा त्रास केसाहून बारीक कुसळांचा. नुसते बोट लागले तरी ती कातडीत रुततात आणि दिवसभर सलत राहतात. म्हणून बोंडे चिमट्याने तोडावयाची, कुसळे झाडून टाकावयाची, मग थोड्या पाण्यात मऊ शिजवून ठेचावयाची. तो लगदा दाट विणीच्या कापडातून सावकाश गाळावा लागतो. येथे घाई केली तर कुसळ घशात जाते. टणक बिया कापडातच राहतात आणि खाली उतरलेला रस मंद आचेवर आटवला की त्याचा आंबट-गोड पाक होतो.

या रसाचा लाल रंग बिटाप्रमाणे वनस्पतीचाच आहे. परंतु याच निवडुंगावर कापसासारख्या पांढऱ्या आवरणाखाली कोचिनील नावाचा कीटक वाढतो आणि मिठाई, सरबते व प्रसाधनांत वापरला जाणारा किरमिजी रंग त्या कीटकापासून काढतात. वेष्टनावर तो १२० या क्रमांकाने नोंदलेला असतो. खाण्याच्या वस्तू चोखंदळपणे पाहून घेणाऱ्या कुटुंबांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

एकट्या बोंडावर कोणाचेही पोट भरत नसे. वसंतात चोया निवडुंगाच्या कळ्या वाळवून ठेवीत, जूनमध्ये उंच साग्वारोची फळे लांब काठीने पाडीत, मेस्कीटच्या गोड शेंगांचे पीठ करीत आणि पावसाच्या पुराचे पाणी अडवून तेपारी नावाचे घेवडे पिकवीत. मूळच्या मारवाडी घरांना हे परके वाटू नये. सांगरी देणारी खेजडी आणि मेस्कीट ही जवळची भावंडे आहेत आणि सुकवलेल्या कळ्या भिजवून शिजवण्याची रीत केरांच्या भाजीहून फार निराळी नाही.

विसाव्या शतकात ही घडी विस्कटली. माणसे मजुरीसाठी कापसाच्या शेतांवर गेली, मुले दूरच्या निवासी शाळांत गेली आणि घरात सरकारी शिध्याचा मैदा, साखर व चरबी आली. ज्या समाजात शंभर वर्षांपूर्वी मधुमेह जवळजवळ अज्ञात होता, त्यातील निम्म्याहून अधिक प्रौढांना आज तो जडला आहे. तेपारी, मेस्कीट आणि निवडुंगाच्या फड्या यांतील तंतू व चिकट द्रव्य साखर रक्तात सावकाश उतरू देतात, असे आहारतज्ज्ञ सांगतात. तेव्हा जुने अन्न केवळ आठवणींचा विषय राहिलेले नाही.

येथे एक विपर्यास नजरेआड करता येत नाही. युनेस्कोने २०१५ साली टूसॉनला खाद्यसंस्कृतीच्या नगरांत स्थान दिले. तेथील दुकानांत निवडुंगाच्या गुलाबी वड्या व पाकाच्या बाटल्या पर्यटक हौसेने घेतात. त्या वड्यांत बोंड थोडे आणि साखर फार! अशी वडी औषध समजून कोणी मधुमेह्याला देऊ नये.

टूसॉनच्या दक्षिणेस सान हाविएर येथे ओओधम लोकांची सहकारी शेती आहे. तेथे पुन्हा तेपारी पिकतो, मेस्कीटचे पीठ दळले जाते, चोयाच्या वाळवलेल्या कळ्या विकावयास ठेवलेल्या असतात. एप्रिल आला की वडीलधाऱ्यांबरोबर तरुण मुलेही चिमटे घेऊन रानात जातात आणि कोणती कळी तोडावी, कोणती फुलू द्यावी, हे त्यांच्याकडून शिकतात.