नळ फिरवायचे साडेतीनशे रुपये



वॉशिंग मशीनच्या घरच्या घरी सुटणाऱ्या तक्रारींवर व्हिडिओ टाकला आणि त्यावर पहिला फोन आला तो ग्राहकाचा नाही, माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचा. "भाऊ, तुम्हीच सगळं शिकवून टाकलं तर आम्ही काय करायचं? आमच्या पोटावर पाय देताय तुम्ही."

त्याचा राग खोटा नाही. दोन पोरं शाळेत, गाडीचा हप्ता, आणि कमाईचा मोठा भाग विझिट चार्जचा. फोनवर त्याला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुमच्यापैकी बरेच जण रिपेअरिंगचं दुकान टाकायच्या विचारात आहेत, तर हा प्रश्न तुमच्याही समोर येणारच आहे.

माझं मत सरळ आहे. जी तक्रार फोनवर सुटते ती फोनवरच, फुकट सोडवायची. आणि जिथे खरंच हात लावावा लागतो तिथे पैसे ताठ मानेने घ्यायचे, घासाघीस न करता. हे मी काही समाजसेवा म्हणून सांगत नाही. मी दुकानदार आहे, मला महिन्याला भाडं भरावं लागतं.

हे मत माझं पहिल्यापासून नव्हतं, बरं का. सोलापुरात दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका निवृत्त शिक्षिका बाईंचा फोन आला, "मशीन सुरू होतं, पण पाणीच घेत नाही." मी काही न विचारता गाडीला किक मारली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मशीनच्या मागे हात घातला तर नळ बंद. आदल्या दिवशी प्लंबर येऊन गेला होता, त्याने बंद केलेला. मी नळ फिरवला, मशीन भरायला लागलं, आणि मी विझिटचे ३५० रुपये घेतले. बाईंनी एक शब्द न बोलता दिले. मला वाटलं, चला, पंधरा मिनिटांत साडेतीनशे.

त्या अपार्टमेंटमधून पुढे दोन वर्षं मला एकही फोन आला नाही. चोवीस फ्लॅट आहेत तिथे! कारण नंतर कळलं, माझ्या मावसभावाचा मित्र तिथे भाड्याने राहायला गेला तेव्हा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मेकॅनिक विचारला की बाई लिहायच्या, "त्या अमुक दुकानवाल्याला बोलावू नका, त्याने नळ फिरवायचे साडेतीनशे घेतले." यात खोटं काय होतं? काहीच नाही. बीबीएला आम्हाला कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू शिकवली होती, पेपरात दहा मार्कांना आली होती, मी लिहिलीही होती. कळली मात्र या जिन्यात.

आता फोनवर काय काय सुटतं ते सांगतो. दुकान टाकणाऱ्याला हे तोंडपाठ पाहिजे.

आधी विचारायचं मशीन कुठलं: सेमी, टॉप लोड की फ्रंट लोड. मग विचारायचं अडतंय कुठे. पाणी आत येत नाही, बाहेर जात नाही, ड्रम फिरत नाही, की बटणंच चालत नाहीत? काकू घाबरून "मशीन बंद पडलं" एवढंच सांगतात. त्यातून नेमकी गोष्ट काढणं हे आपलं काम. डिस्प्लेवर काही अक्षरं आली असतील तर फोटो मागवा. एलजीवर 'आयई' म्हणजे पाणी आत येत नाही, 'ओई' म्हणजे बाहेर जात नाही, 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल गेलाय, 'डीई' म्हणजे दाराची भानगड. सॅमसंगवर 'चार सी' किंवा 'चार ई' पाणी येण्याचं, 'पाच सी' किंवा 'पाच ई' पाणी जाण्याचं. एवढं माहीत असलं तरी अर्धं निदान खुर्चीवर बसून होतं.

बटणंच दाबली जात नाहीत, लाइट मात्र लागलीय, तर दहापैकी बहुतेक वेळा चाइल्ड लॉक. घरातल्या नातवाने दाबून ठेवलेलं असतं. ते बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की सुटतं. यावर "बोर्ड गेला" असं सांगून हजारो रुपयांचा बोर्ड बदलल्याच्या तक्रारी माझ्या कानावर आल्यात. असल्या एका बिलाने आपल्या सगळ्या धंद्याचं नाव खराब होतं.

पाणी येत नसेल तर नळ, वाकलेला पाइप, आणि तिसरी गोष्ट म्हणजे मशीनला पाइप जोडतो तिथली बारीक जाळी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, लोक बोअर आणि टँकरवर. त्यामुळे ही जाळी क्षाराने आणि मातीने चोंदते. मशीन बंद, प्लग काढलेला, नळ बंद, पाइप सोडवायचा, जाळी पकडीने हळूच ओढायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. क्षार घट्ट असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवायची. दहा मिनिटांचं काम.

जाळी स्वच्छ असूनही पाणी हळू येत असेल तर विचारा, "घर वरच्या मजल्यावर आहे का?" दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. गच्चीवरची टाकी मशीनपेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर वर असेल तर ०.२ बारसुद्धा मिळत नाही, आणि ऑटोमॅटिक मशीनला बहुधा त्याहून जास्त लागतो. इथे मशीनला दोष देऊन व्हॉल्व्ह बदलणारे लोक आहेत. व्हॉल्व्ह बदलून टाकी वर जात नाही. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो, आणि तो तुम्ही विकू शकता.

मशीन पाणी घेतंच राहिलंय, भरत मात्र नाही? ड्रेनचा पाइप खाली फरशीवर पडलाय का ते बघायला सांगा. पाइप खाली पडला की आलेलं पाणी तसंच वाहून जातं. पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर तो अडकवला की झालं.

आता आमच्या गावचा खास आजार. सोलापुरी चादर! एकटी चादर मशीनमध्ये टाकतात, ती पाणी पिऊन दगड होते, एका बाजूला गोळा होते, आणि स्पिनला मशीन असं आपटतं की खालच्या मजल्यावरचे वर येतात. लोक म्हणतात बेअरिंग गेलं. बेअरिंग कुठलं, मशीन थांबवा, चादर मोकळी करून पसरा, सोबत दोन-तीन टॉवेल टाका. चादरच मशीनच्या मापापेक्षा मोठी असेल तर हाताने धुवा, त्याला इलाज नाही. नवीन किंवा नुकतंच घर बदललेलं मशीन थरथरत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का आणि चारही पाय जमिनीला टेकलेत का, हे दोन प्रश्न.

फेस दारापर्यंत येतोय म्हणजे फ्रंट लोडमध्ये बादलीची पावडर टाकलीय. दार उघडत नाही म्हणजे बहुतेक वेळा एक-दोन मिनिटं थांबायचंय, किंवा आत पाणी राहिलंय. ओढाओढी केली की हँडल तुटतं आणि मग मात्र खर्च. सेमीमध्ये स्पिन फिरत नसेल तर झाकण नीट बसलंय का, आणि टबाच्या बाजूने मोजा-रुमाल खाली गेलाय का.

फ्रंट लोडचं पाणी जात नसेल तर खालच्या कोपऱ्यातला फिल्टर. यातून मी नाणी, हेअरपिना, शर्टाची बटणं, एकदा मंगळसूत्राची वाटी काढलीय. पण इथेच माझ्याकडून घोळ झालाय, तो लपवत नाही. एका काकांना मी फोनवर घाईत सांगितलं, "खालचं झाकण फिरवून काढा." त्यांनी काढलं. आत ड्रमभर पाणी होतं! सगळं हॉलमध्ये. दिवाणाखाली ठेवलेले मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे भिजले. ते ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "आधी सांगायला नको होतं का?" पत्रिका परत छापायचा खर्च मी दिला. नशीब, धुणं गार पाण्याचं होतं. गरम असतं तर पैशांवर निभावलं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे फिल्टर सांगायच्या आधी चार वाक्यं ठरलेली आहेत: प्लग काढा, पाणी गार आहे ना बघा, छोटी ड्रेन नळी असेल तर आधी त्यातून ताटलीत पाणी सोडा, मग झाकण थोडंथोडं फिरवा, खाली जुने कपडे टाकून. ही वाक्यं कागदावर लिहून फोनजवळ चिकटवलीत.

आणि काही गोष्टी फोनवर सांगायच्याच नाहीत. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, जळका वास येतोय, मशीनखाली पाणी साचलंय आणि प्लग लावलेलाच आहे, मोटर नुसती घूं करते पण फिरत नाही. अशा वेळी एकच सांगायचं, शक्य असेल तर मेन स्विच बंद करा आणि कुणी हात लावू नका, आम्ही येतो. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट शिल्लक असू शकतो. मागचं कव्हर उघडायला ग्राहकाला कधीही सांगू नका, तो स्वतः इंजिनिअर असला तरी.

मग पैसे कुठून? त्या मेकॅनिक मित्राचा खरा प्रश्न हाच होता.

माझ्याच दुकानात हा प्रश्न आधी उठला होता. माझ्याकडचा पोरगा पगार अधिक विझिटमागे शंभर रुपये अशा बोलीवर होता. मी फोनवर तक्रारी सोडवायला लागलो तसा तो गप्प गप्प झाला. एक दिवस म्हणाला, "मालक, तुम्ही इथं बसून मशीन नीट करताय, तिकडं माझं पेट्रोल वाचतंय आणि पगारबी." बरोबर होतं त्याचं. चांगुलपणा मी करत होतो, बिल त्याच्या खिशातून जात होतं. मी त्याला चुकीच्या गोष्टीसाठी पैसे देत होतो. जिना चढायचे पैसे मिळत असतील तर माणूस जिनेच चढणार, आणि वर गेल्यावर काहीतरी बदलून येणार.

मग विझिटचं कमिशन बंद केलं, पगार वाढवला, आणि फोनवर सुटलेल्या तक्रारीचाही त्याला थोडा हिस्सा ठेवला. पहिले चार महिने मला तोटा झाला. अंदाजे नाही, वहीत दिसत होता. बायको म्हणाली, "लोकांना फुकट शिकवायला बीबीए केलं होतंत का?" पाचव्या महिन्यापासून फोन कुठून येतात ते बदललं. ज्यांची मशीन फोनवर चालू झाली तेच लोक वर्षातून एकदा डीस्केलिंगला बोलवायला लागले. खाऱ्या पाण्याच्या गावात ते लागतंच. ड्रेन पंप, बेल्ट, सस्पेन्शन, बेअरिंग अशी मोठी कामं आली तेव्हा त्यांनी तीन ठिकाणी भाव विचारला नाही. माझा रेट दुकानात बोर्डवर लिहिलेला आहे, विझिट चार्जसकट. फोनवर विचारूनही "तुम्ही याच" म्हणाले आणि नळच बंद निघाला, तर विझिट घेतो. तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

फायदा घेणारे असतात. माझ्याकडून सगळं विचारून मोठं काम दुसऱ्याकडून करून घेणारे पण आहेत. त्यांना धरून बसलात तर बाकीचे जातील. वेळ मात्र बांधून घ्या. आम्ही सकाळी अकरा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सहा फोन घेतो, बाकी वेळी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवायला सांगतो. नाहीतर रविवारी जेवताना चाइल्ड लॉक सोडवत बसाल.

आणि माहिती दाबून ठेवून धंदा टिकेल हे दिवसही गेलेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी असा हेतू आहे. यूट्यूब तर आहेच. ग्राहकाला जाळी साफ करायची असते ते कळणारच आहे. तुमच्याकडून कळतं की दुसऱ्याकडून, एवढंच तुमच्या हातात आहे.

त्या मित्राला हे सगळं मी चहावर सांगितलं. पटलं असं तो म्हणाला नाही. "तुझं दुकान आहे, तू मशीन पण विकतोस, माझी नुसती पिशवी आहे," म्हणाला, आणि यात तथ्य आहे. एकट्याने फिरणाऱ्याला चार महिने तोटा सोसणं जड आहे. त्याला मी म्हटलं, सगळं एकदम करू नको, आधी फक्त एका सोसायटीत करून बघ. काल त्याचा मेसेज आला, कुठल्या कंपनीचं चाइल्ड लॉक कुठल्या बटणावर असतं याची यादी आहे का म्हणून. पाठवली.